सही उडून जाते कुठे?

मोटारीच्या डॅशबोर्डमध्ये, चालकाच्या शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर, झाकणाचा एक कप्पा असतो. त्याला ग्लव्ह बॉक्स म्हणतात. नावावरून त्यात हातमोजे असावेत. आपल्याकडे मात्र त्यात गाडीची कागदपत्रे, पीयूसीचे प्रमाणपत्र, एखादे फडके आणि बडीशेपेची पुडी असते. या कप्प्याचे झाकण कोणी स्क्रू काढून सोडवले, कागदात गुंडाळले आणि टपालाने एका वृद्ध गृहस्थाकडे पाठवून दिले, असे सांगितले तर तुम्हाला हसू येईल. पण अमेरिकेत अनेक मोटारमालकांनी अगदी हेच केले आहे.

ते गृहस्थ म्हणजे कॅरॉल शेल्बी. त्यांचा जन्म १९२३ साली टेक्सास राज्यात झाला. फ्रान्समधील ले मान येथे होणारी चोवीस तासांची मोटारशर्यत त्यांनी १९५९ साली रॉय साल्वादोरी यांच्या जोडीने जिंकली. पुढे हृदयाच्या दुखण्यामुळे शर्यती सोडाव्या लागल्या, तेव्हा ते गाड्या बनवू लागले. १९६२ ची कोब्रा आणि १९६५ ची मस्टँग जीटी ३५० या त्यांच्या गाड्या मोटारवेड्यांच्या जगात आजही आदराने पाहिल्या जातात. १९९० साली त्यांच्यावर हृदयरोपणाची शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आजारी मुलांच्या उपचारांसाठी एक निधी उभारला. या निधीला देणगी देणाऱ्यांच्या ग्लव्ह बॉक्सच्या झाकणावर ते सही करून देत. १० मे २०१२ रोजी ते वारले. तेव्हापासून त्यांची नवी सही मिळणे बंद झाले. ज्या आहेत त्या टिकल्या तर टिकल्या.

आता पंचाईत अशी की, सही ठेवण्यासाठी मोटारीच्या अंतर्भागाइतकी वाईट जागा शोधूनही सापडणार नाही. तेथे ऊन आहे, उष्णता आहे, धूळ आहे आणि सतत लागणारे हात आहेत. सहीला होणारे विकार मुख्यतः दोन: रंग उडणे आणि शाई झिजणे. वरवर दोन्ही सारखेच दिसतात, कारण शेवटी सही दिसेनाशी होते. पण दोहोंची कारणे निराळी आहेत आणि एकावरचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. किंबहुना एकावरचे औषध कधीकधी सहीलाच मारक ठरते. हे मला कसे कळले ते पुढे सांगतो.

आधी शाईकडे पाहू. प्लॅस्टिकवर सही करायला बहुधा जे पेन वापरतात त्यावर ‘परमनंट मार्कर’ असे लिहिलेले असते. या ‘परमनंट’ शब्दाने भल्याभल्यांना फसवले आहे. त्याचा अर्थ एवढाच की, ही शाई पाण्याने पुसली जात नाही. उन्हात ती टिकेल असे कोणीही म्हटलेले नाही! साध्या मार्करमध्ये अल्कोहोलसारख्या द्रावकात विरघळलेला रंजक आणि थोडी राळ असते. द्रावक उडून जातो, राळ चिकटते आणि रंजकाचे रेणू त्या पातळ थरात सुटे सुटे विखुरलेले राहतात. पाण्यात साखर विरघळावी तसे.

दुसऱ्या प्रकारच्या पेनांना पेंट मार्कर म्हणतात. त्यांत रंग विरघळलेला नसतो, रंगद्रव्याचे बारीक कण तरंगत असतात. पांढऱ्या पेनात टायटॅनियम डायऑक्साइड असते, चंदेरी पेनात बहुधा ॲल्युमिनियमच्या चकत्यांचे चूर्ण. पेन वापरण्यापूर्वी हलवले की आत गोळी खुळखुळते, ती खाली बसलेले कण पुन्हा मिसळण्यासाठी असते.

येथेच सहीचे नशीब ठरते. विरघळलेला रंजक प्लॅस्टिकच्या पृष्ठभागात थोडासा मुरतो, म्हणून चटकन खरवडला जात नाही. पण त्याचा प्रत्येक रेणू प्रकाशासमोर एकटा उभा असतो. रंगद्रव्याच्या कणात लाखो रेणू किंवा अणू एकमेकांना चिकटून असतात. वरचे काही गेले तरी आतले शाबूत राहतात. धातू आणि खनिज रंगांना तर प्रकाशाची फारशी भीतीच नाही. मात्र हे कण पृष्ठभागावर नुसते बसलेले असतात, त्यामुळे नखाने, घामाने, फडक्याने निघून येतात. म्हणजे एक शाई उडते पण झिजत नाही, दुसरी झिजते पण उडत नाही, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

फोटॉनचा हिशेब

रंग उडतो म्हणजे नेमके काय होते? रंजकाचा रेणू रंगीत दिसतो, कारण तो पांढऱ्या प्रकाशातील काही भाग शोषून घेतो. लाल शाई हिरवा आणि निळा प्रकाश शोषते, म्हणून उरलेला तांबडा आपल्या डोळ्यांत येतो. शोषलेली ऊर्जा रेणूला कोठेतरी खर्च करावी लागते. बहुतेक वेळा ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते आणि रेणू पूर्ववत होतो. पण लाखांत एखाद्या वेळी असा उत्तेजित रेणू शेजारच्या ऑक्सिजनशी संयोग पावतो किंवा त्याचा एखादा बंध तुटतो. मग त्याची रचना बदलते आणि त्याला तो प्रकाश शोषता येत नाही. रेणूचे तुकडे तेथेच असतात, पण ते बिनरंगी असतात. म्हणजे सही उडून कोठेच जात नाही, जागच्या जागी अदृश्य होते.

प्रकाशकणाची ऊर्जा काढायचे सोपे सूत्र आहे. १२४० या संख्येला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागा, उत्तर इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये येते. ७०० नॅनोमीटरच्या तांबड्या फोटॉनची ऊर्जा सुमारे १.८, ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्याची ३.१ आणि ३५० नॅनोमीटरच्या अतिनील किरणाची ३.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातील साधा बंध तोडायला साधारण ३.१ ते ३.२, तर दोन कार्बनांमधील बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. अतिनील किरण घातक का, हे या आकड्यांवरून लगेच लक्षात येईल.

पण येथे अनेकांची एक समजूत होते की, अतिनील किरण अडवले म्हणजे काम झाले. तसे नाही. ऑक्सिजनच्या मदतीने होणाऱ्या अभिक्रियेला बंध थेट तोडण्याइतकी ऊर्जा लागत नाही. रेणू नुसता उत्तेजित झाला तरी पुरते. दृश्य प्रकाशही ते काम करतो, फक्त सावकाश. आणि सही दिसायची असेल तर दृश्य प्रकाश तिच्यावर पडलाच पाहिजे! ग्रोटहूस आणि ड्रेपर या शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवले की, जो प्रकाश शोषला जातो तोच रासायनिक बदल घडवू शकतो. रंगीत शाई प्रकाश शोषते म्हणून तर ती रंगीत असते. दिसणे आणि झडणे यांची अशी गाठ बांधलेली आहे.

याच नियमाचा पुरावा तुमच्या गल्लीतही सापडेल. दुकानाच्या काचेवर वर्षानुवर्षे लावलेली जाहिरात पाहा. तिच्यातील लाल आणि पिवळा रंग गेलेला असतो आणि टोमॅटोपासून माणसांच्या चेहऱ्यापर्यंत सगळे निळसर झालेले असते. लाल आणि पिवळे रंग हिरव्या-निळ्या बाजूचे, म्हणजे जास्त ऊर्जेचे फोटॉन शोषतात. निळा रंग तांबड्या बाजूचे, कमी ऊर्जेचे फोटॉन शोषतो. म्हणून निळा मागे उरतो. अर्थात रंजकाच्या रचनेवरही पुष्कळ अवलंबून असते. फेरारी मोटारींचे जनक एन्झो फेरारी जांभळ्या शाईने सही करीत. जुन्या धाटणीच्या जांभळ्या शायांतील रंजक उन्हात फार लवकर मान टाकतात. उलट आपल्याकडील जुन्या पोथ्या काजळीच्या शाईने लिहिलेल्या असत. काजळी म्हणजे कार्बन. पाने किडली, कुरतडली गेली, तरी अक्षर काळेच्या काळे राहिले.

आता मोटारीत किती प्रकाश पडतो ते मोजू. भर दुपारचे थेट ऊन सुमारे १,००,००० लक्स असते. समोरच्या काचेतून त्यातला ७० टक्के आत येतो असे धरा. डॅशबोर्डच्या माथ्यावर रोज पाच तास असे ऊन पडले तर ७०,००० गुणिले ५, म्हणजे ३,५०,००० लक्स-तास झाले. संग्रहालयात नाजूक रंगांच्या वस्तू ५० लक्स प्रकाशात ठेवण्याची पद्धत आहे. रोज आठ तास धरले तर ४०० लक्स-तास. भागाकार करा: ८७५. मोटारीतला एक दिवस संग्रहालयातील ८७५ दिवसांबरोबर, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे पाच महिन्यांबरोबर झाला! ग्लव्ह बॉक्सचे झाकण उभे असते आणि डॅशबोर्डच्या सावलीत असते. त्यावर याच्या दहावा भागच प्रकाश पडतो असे समजू. तरी एक दिवस म्हणजे संग्रहालयातले तीन महिने.

या हिशेबात प्रकाशाची तीव्रता आणि काळ यांचा गुणाकार महत्त्वाचा मानला आहे. थोडा प्रकाश पुष्कळ काळ किंवा पुष्कळ प्रकाश थोडा काळ, नुकसान साधारण सारखेच. हा नियम बन्सेन आणि रॉस्को यांचा. होय, तोच बन्सेन, ज्याचा बर्नर तुमच्या प्रयोगशाळेत आहे.

काचेचीही एक गंमत आहे. समोरची काच दोन थरांची असते आणि त्यांच्यामध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरल नावाच्या प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. अपघातात काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून तो घातलेला असतो, पण तो जवळजवळ सर्व अतिनील किरणही अडवतो. बाजूच्या खिडक्यांची काच बहुतेक गाड्यांत एकाच थराची, उष्णतेने कणखर केलेली असते आणि तिच्यातून ३२० ते ४०० नॅनोमीटरचे अतिनील किरण बऱ्यापैकी आत येतात. म्हणजे ग्लव्ह बॉक्सला खरा धोका समोरून नसून दारावरच्या खिडकीतून आहे.

सह्या प्रकाशात ठेवल्याची किंमत काय, याचे प्रसिद्ध उदाहरणही अमेरिकेतलेच आहे. त्या देशाचा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, ५६ जणांच्या सह्यांसह, १८४१ ते १८७६ अशी ३५ वर्षे वॉशिंग्टनमधील पेटंट कार्यालयाच्या भिंतीवर खिडकीसमोर टांगलेला होता. लोकांनी तो पाहावा हा हेतू चांगलाच होता. लोकांनी पाहिला आणि शाई फिकी पडत गेली. त्याआधीच्या हाताळणीनेही तिचे नुकसान झाले होते, पण प्रकाशाचा वाटा मोठा. आज तो चर्मपत्राचा कागद मंद प्रकाशात, आरगॉन वायू भरलेल्या बंद पेटीत ठेवला आहे. आरगॉन अशासाठी की, ऑक्सिजन नसला तर उत्तेजित रेणूला संयोग करायला जोडीदारच मिळत नाही. सह्यांपैकी बहुतेक आता नुसत्या डोळ्यांना वाचता येत नाहीत.

ऊन, धूळ आणि फडके

प्रकाशाला उष्णतेची साथ मिळते. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टेंपी येथे उन्हाळ्यात केलेली मोजमापे २०१८ साली प्रसिद्ध झाली. तासभर उन्हात उभ्या केलेल्या मोटारींच्या डॅशबोर्डचे तापमान सरासरी ६९ अंश सेल्सिअस भरले, सावलीत उभ्या केलेल्यांचे ४८ अंश. दर १० अंशांना रासायनिक अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ठोकताळा आहे. त्या हिशेबाने सावली सोडून उन्हात गाडी लावणे म्हणजे प्रकाशानंतर घडणाऱ्या अभिक्रियांचा वेग सुमारे चौपट करणे. ठोकताळाच तो, पण दिशा बरोबर दाखवतो.

उष्णता आणखी एक खोडी करते. डॅशबोर्डचे मऊ आवरण बहुधा पीव्हीसीचे असते आणि ते मऊ राहावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचे तेलकट पदार्थ मिसळतात. तापल्यावर ते हळूहळू पृष्ठभागावर येतात. नव्या गाडीच्या काचेवर आतून धुरकट थर जमतो, त्यात यांचा हात असतो. सहीच्या खाली हे तेल आले की शाईची पकड सुटते किंवा अक्षरांच्या कडा पसरू लागतात. तुमच्या फायलीतील झेरॉक्सची अक्षरे प्लॅस्टिकच्या पिशवीला चिकटून निघालेली तुम्ही पाहिली असतील. कारण तेच.

झिजेचे गणित त्या मानाने सोपे आहे. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झचे, म्हणजे वाळूचे बारीक कण असतात. मोहसच्या श्रेणीत क्वार्ट्‌झचा कठीणपणा ७ आहे. नखाचा अडीचच्या आसपास, आणि प्लॅस्टिकेही त्याच वस्तीतली. कोरड्या फडक्याने डॅशबोर्ड झटकून पुसणे म्हणजे सहीवर बारीक पॉलिश पेपर फिरवणे होय. चकाकीसाठी जे फवारे मिळतात त्यांतील काहींत द्रावक असतात. ते तर शाई विरघळवूनच टाकतात.

मग सहीवर पारदर्शक लॅकरचा थर मारला तर? ही कल्पना प्रत्येकाला सुचते, मलाही सुचली होती. आमच्या एका सरांनी मी एम.एस्सी. झालो तेव्हा माझ्या कॅल्क्युलेटरच्या सरकत्या झाकणावर मार्करने सही करून दिली होती. तेही मोटारीतल्यासारखेच काळे, कठीण प्लॅस्टिक. सही चंदेरी नव्हती, गडद लाल होती आणि तिरपी धरली तरच दिसे. सर गेल्याचे कळले तेव्हा मी ते झाकण कपाटातून काढले, अंगठ्याने त्यातले एक अक्षर अर्धे पुसले गेले आहे हे पाहिले, बाजारातून लॅकरचा डबा आणला आणि चांगला सढळ हाताने फवारा मारला. अर्ध्या मिनिटात अक्षरांना पाय फुटले. लाल रंग ओघळून कडेला जमला. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला लॅकर हा द्रावकात विरघळलेला असतो आणि मार्करची शाईही तशाच द्रावकात विरघळते, एवढे आठवायला हवे होते. त्या क्षणी आठवले नाही.

म्हणून ज्यांच्याकडे अशी वस्तू आहे त्यांनी पहिले काम करावे ते फोटो काढण्याचे: चांगल्या विखुरलेल्या प्रकाशात, शेजारी मोजपट्टी ठेवून. लॅकर मारायचाच असेल तर भंगारातून तसलेच दुसरे झाकण आणावे, त्यावर त्याच जातीच्या पेनाने लिहावे, काही दिवस वाळू द्यावे आणि प्रयोग त्यावर करावा. लांबून धुक्यासारखा अगदी पातळ फवारा मारला तर द्रावक पृष्ठभागावर पोहोचता पोहोचताच उडून जातो आणि शाई भिजत नाही. असे तीन-चार थर, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. पेंट मार्करच्या सहीला हा उपाय बरा लागू पडतो, कारण तिचा शत्रू झीज आहे. रंजकाच्या सहीला लॅकर फारसा तारत नाही. त्यात अतिनील किरण शोषणारे द्रव्य असले तरी दृश्य प्रकाश आत जाणारच. संग्रहालयातील जतन करणारे लोक एक पथ्य पाळतात: जे लावायचे ते पुढे काढता आले पाहिजे. लॅकर काढताना सहीही निघते, म्हणून तो या पथ्यात बसत नाही. त्यापेक्षा अतिनील किरण अडवणारा ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा, सहीला न टेकता, मधे थोडी फट ठेवून स्क्रूने बसवावा. हात आणि फडके त्यावर थांबतात आणि नको तेव्हा तो उतरवता येतो.

पुसट सही दुसऱ्या पेनाने गिरवून घेण्याचा सल्लाही कोणी देतात. तो मुळीच मानू नये. गिरवल्यावर ती सही त्या माणसाची राहत नाही. फिकट झालेल्या शाईच्या खुणा पुष्कळदा अतिनील दिव्याखाली वाचता येतात. वर नवी शाई चढली की तो मार्गही बंद होतो.

आणि सही अजून घ्यायची असेल तर सर्वांत स्वस्त उपाय घेण्याआधीच आहे. झाकण साबणाच्या सौम्य पाण्याने धुऊन, चकाकीचे तेल पूर्ण काढून, कोरडे करावे. पेन रंगद्रव्याचे द्यावे. सही झाकणाच्या आतल्या बाजूला घ्यावी. कप्पा बंद असताना आत मिट्ट काळोख असतो. कोणाला दाखवायची तेव्हा झाकण उघडायचे, बस्स. याहूनही चांगले म्हणजे सहीचे झाकण काढून घरात ठेवणे आणि गाडीला दुसरे साधे झाकण लावणे. मात्र ते मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये, झेरॉक्सची गोष्ट आठवावी. आम्लविरहित कागदात गुंडाळून, थंड कपाटात, सहीवर काही घासणार नाही असे ठेवावे. पुष्कळ शौकिनांना हे पटत नाही. गाडीतली सही गाडीतच हवी, असे ते म्हणतात आणि त्यांचेही अगदी चुकते असे मला वाटत नाही. त्यांनी गाडी सावलीत लावावी आणि वरचा हिशेब ध्यानात ठेवावा.

तुम्हाला हे सारे घरी पडताळून पाहता येईल. आइस्क्रीमच्या डब्याचे पांढरे झाकण आणि रेक्झिनचा फिकट तुकडा घ्या. दोन्हींवर लाल, निळा आणि काळा मार्कर, बॉलपेन आणि मऊ पेन्सिल यांनी आडव्या रेघा ओढा. डावा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या पन्नीने झाका आणि सर्वांत जास्त ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. तशीच एक जोडी कपाटात ठेवा. दर रविवारी पन्नी उचलून दोन्ही अर्धे भाग ताडून पाहा आणि त्याच प्रकाशात फोटो काढा. दोन महिन्यांनी प्रत्येक रेघेवरून ओला कापूस सारख्या जोराने पन्नासदा फिरवा, म्हणजे झिजेचाही निकाल कळेल. काळ्या मार्करकडे विशेष लक्ष द्या. त्यात अनेक रंजकांचे मिश्रण असेल तर तो पांढरट होण्याआधी तपकिरी किंवा जांभळा होईल, आणि कोणता रंजक आधी गेला हे तुम्हाला ओळखता येईल. प्रयोग सुरू केल्याची तारीख पट्टीवर घालायला विसरू नका. ती मात्र पेन्सिलीनेच घाला.